दिवंगत तात्यांची अट

ही गोष्ट खरी वाटणार नाही, अशी पैज लावूनच ती सांगायची असते. आजवर ज्यांनी ज्यांनी ऐकली, त्यांतल्या एकानेही तिच्यावर विश्वास ठेवलेला नाही. दोघांनी तर मधेच उठून चपला घातल्या. तेव्हा मंडळी, कोणाला उठायचं असेल तर त्यांनी आत्ताच उठून घ्यावं. मास्तरीणबाई, तुमचं विणकाम चालू द्या. सुया थांबल्या की सांगणाऱ्याला घाम फुटतो.

तर एक होती गाळणी. हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, ऑफिसात पडलेलं. ऑफिस होतं एका लॉन्ड्रीच्या वर, पहिल्या मजल्यावर. खाली दिवसभर इस्त्र्या चालत आणि वाफेने वरची फरशी अशी तापायची की माणसं बूट काढून काम करत. तिथे ही मंडळी एक पेटी बनवत होती. शिलाईच्या डब्याएवढी, वर बटणं, पुढे जाळी. ज्याचा आवाज गेला आहे त्याने बटणांवर शब्द टाइप करायचे आणि पेटीने ते मोठ्याने बोलायचे.

आता, आतलं सॉफ्टवेअर सगळं त्यांनीच लिहिलं होतं का? छे. आजकाल असं कोणी लिहीत नाही. जगात भली माणसं असतात, ती कोडचे तुकडे लिहितात आणि चव्हाट्यावर ठेवून देतात: घ्या, वापरा. एका पेटीत असे चारशे बारा तुकडे होते. पण प्रत्येक तुकड्याला एक चिठ्ठी चिकटवलेली असते. मला वापरलंस तर हे कर, ते करू नको. त्या चिठ्ठीला लायसन्स म्हणतात.

"गाडीचं असतं ते?" मास्तरीणबाईंनी सुई न थांबवता विचारलं.

नाही बाई. गाडीचं मोडलं तर पोलीस येतो, हे मोडलं तर वकील येतो. पोलीस परवडला.

तर या चारशे बारा चिठ्ठ्या वाचायच्या आणि त्यांतल्या कुठल्या दोघींचं एकमेकींशी पटणार नाही ते आधीच हेरायचं, हे गाळणीचं काम. त्यासाठी तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो सगळे तुकडे गाळून काढायचा आणि शेवटी हिरवी खूण करायचा. या पेटीलाही त्याने हिरवी खूण केली होती. गाळणी निश्चिंत होती, आणि तिने निश्चिंत असणं गरजेचं होतं, कारण पहिली पेटी जाणार होती तिच्या स्वतःच्या मावशीकडे.

मावशी वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवत होती. अशी बोलायची की शिकाऊ माणसाला भीती वाटायला फुरसतच मिळत नसे. मग घशाचं ऑपरेशन झालं. मावशी वाचली, आवाज गेला. ती पाटी घेऊन कामावर गेली. पहिल्याच दिवशी, पाटीवर काय लिहिलंय ते वाचायला एका शिकाऊने मान वळवली. लिहिलं होतं 'ब्रेक'. त्याने शब्द वाचून संपवला तेव्हा गाडी फर्निचरच्या दुकानात एका सोफ्यासमोर उभी होती. स्कूलचा मालक भला माणूस. तो म्हणाला, "ताई, तुमची गाडी सोमवारपर्यंत दुसऱ्या कोणाला देत नाही. सोमवारी तुम्ही बोलत आलात तर बसा. नाही तर मलाही माझं दुकान चालवायचंय."

मावशीने पाटीवर लिहिलं: बोलत येते. आणि खाली दोन रेघा मारल्या.

हे झालं आदल्या रविवारी. मंगळवारी ऑफिसात वकीलबाई आल्या.

वकीलबाई दर मंगळवारी येत, बोटभर उरलेली पेन्सिल कानावर ठेवून. त्यांना एक खोड होती. कुठलाही कागद त्या खालून वर वाचत. वरती माणसं चांगलं बोलतात, खरं काय ते तळाशी असतं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्यांनी 'विराम' नावाचा तुकडा उघडला. पेटीने बोलताना कुठे थांबायचं आणि किती थांबायचं, एवढंच तो तुकडा ठरवायचा. वर छान, सरळ चिठ्ठी: खुशाल वापरा. मग दोनशे चौदा ओळी कोड. मग तीनशे कोऱ्या ओळी. आणि अगदी तळाशी, जसं काही कोणी माळ्यावर लपवून ठेवलं असावं, हे:

'ज्याला हवं त्याने वापरावं. मात्र जाहिरात कराल त्या प्रत्येक जाहिरातीत लिहावं: कुठे थांबायचं हे आमच्या दिवंगत तात्यांनी शिकवलं.'

गाळणीचा प्रोग्रॅम फक्त वरच्या चिठ्ठ्या वाचायचा. गाळणीलाच भोक. तिच्या पायाखालची तापलेली फरशी गार पडली.

"मग लिहू की तात्यांचं नाव," शेजारच्या टेबलावरून घाई म्हणाला. घाई म्हणजे ज्याने हा तुकडा उचलून पेटीत घातला तो; टोपणनाव का पडलं ते वेगळं सांगायला नको. "नाव लिहायला आपलं काय जातं?"

"लिहायला काहीच जात नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण आवाजाचा गाभा कोणाचा आहे? त्याची चिठ्ठी काय म्हणते?"

गाळणीला ती पाठ होती. गाभा म्हणजे पेटीचा आवाज काढणारा मुख्य तुकडा. त्याची चिठ्ठी म्हणत होती: मला घेतलंत तर आख्खी पेटी उघडी ठेवा, कोणालाही बघू द्या, बदलू द्या, पुढे वाटू द्या, आणि माझ्या अटींवर आणखी एकही अट कोणी लादायची नाही.

"झालं तर," वकीलबाईंनी कानावरची पेन्सिल काढली. "एक म्हणते, माझं नाव घेतलंच पाहिजे. दुसरी म्हणते, 'पाहिजे' हा शब्द माझ्या घरात माझ्याशिवाय कोणी उच्चारायचा नाही. दोन थोरल्या जावा आणि स्वयंपाकघर एक."

"गाभा बदलला तर?"

"मग आवाजच नाही."

"विराम काढला तर?"

काढून पाहिला. पेटी बोलायला लागली ती मागे कोणी काठी घेऊन लागल्यासारखी. डावीकडेवळआरसाबघक्लचसोडहळू. ऐकणाराच धापा टाकायला लागला.

"मी नवा लिहितो. दोन दिवसांत," घाई म्हणाला.

"तू जुना वाचलायस?"

"पाठ आहे मला."

"मग तू लिहिशील ती नक्कल. ज्याने तो कधी पाहिलाच नाही अशा माणसाने लिहायला हवा."

आख्ख्या इमारतीत असा एकच माणूस होता, खालचा इस्त्रीवाला. त्याला विचारलं. तो म्हणाला, कॉलर असेल तर सांगा.

एकच गोष्ट त्यातल्या त्यात बरी होती. वकीलबाई म्हणाल्या, "पेटी ऑफिसात वापरली तर भांडण नाही. पेटी दुसऱ्याच्या हाती गेली, दाराबाहेर पडली, की वाटप झालं. वाटप झालं की चिठ्ठ्या जाग्या होतात. तोवर झोपू द्या त्यांना."

आणि इथून पुढे मंडळी, चपला सांभाळा.

मावशीला हे कळलं तेव्हा ती रडली-बिडली नाही. बुधवारी सकाळी ऑफिसात आली, पेटी खिडकीच्या आतल्या कठड्यावर ठेवली आणि खाली अंगणाकडे बोट दाखवलं. अंगणात स्कूलची गाडी उभी, आणि गाडीत एक शिकाऊ, धंद्याने न्हावी. सोमवारपर्यंत पेटीवर हात बसायला हवा म्हणून मावशीने त्याला बोलावून घेतलं होतं. पेटी बाहेर जाऊ शकत नाही ना? नको जाऊ दे. गाडी खाली, मावशी वर.

"खिडकीतून आवाज बाहेर जाईल," गाळणी घाबरून म्हणाली.

वकीलबाई बुधवारी कधी येत नसत, पण त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी कठड्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढली. "आवाज जाऊ दे. आवाजाला चिठ्ठी नसते. पेटी मात्र या रेघेच्या आत."

मावशीने दोन दिवस पहिल्या मजल्याच्या खिडकीतून गाडी शिकवली. अंगणातल्या दोरीवर लॉन्ड्रीच्या चादरी वाळत होत्या, त्यांच्या मधून न्हाव्याने आठाचे आकडे काढले. एकदा चुकला तेव्हा तीन चादरी आणि कोणाचा तरी पायजमा घेऊन गाडी फाटकापर्यंत गेली. पेटी वरून शांतपणे म्हणाली, "थांबा. आता पायजमा काढा." खाली गर्दी जमली. रस्त्यावरून जाणारे दोन ड्रायव्हरही सवयीने बाजूला थांबले, म्हणतात.

पण रस्ता काही अंगणात येत नाही. गुरुवार संपत आला. गाळणीने तुकड्यातल्या पत्त्यावर चार ईमेल पाठवले होते, चारही परत आले. मग तिने पुन्हा फाइल उघडली, या वेळी खालून वर. वरून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'तक्रार असल्यास दुकानात यावं. दुपारी एक ते चार बंद.' पुढे दुकानाचं नाव, घड्याळांचं. तिने नंबर शोधून फोन लावला, तो शेजारच्या शिंप्याने दुकानात येऊन उचलला. "ते फोन घेत नाहीत हो. म्हणतात, वेळ विचारायलाच फोन करतात सगळे. तुम्ही याच."

शुक्रवारी सकाळच्या बसने गाळणी निघाली. रिकाम्या हाताने. पेटी नेता येत नव्हती.

दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतभर घड्याळं, सगळी चालू आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. मधे घड्याळजी. डोळ्याला भिंग, अंगात स्वेटर, सत्तरीच्या पुढचा. गाळणीने सगळं सांगितलं: मावशी, सोमवार, दोन जावा. तो उठला, हात लांब करून एकेक लंबक थांबवत गेला. खोली शांत झाल्यावर म्हणाला, "आता पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं.

"कोड माझा," घड्याळजी म्हणाला. "बोलणारं घड्याळ करत होतो, बायकोसाठी. तिला दिसत नव्हतं. घड्याळ वेळ सांगायचं, पण एका दमात. दहावाजूनवीसमिनिटं. ती म्हणायची, याला कोणी तरी पाणी द्या. मग तात्यांनी शिकवलं, दहाच्या पुढे किती थांबायचं ते. ती ओळ तात्यांची आहे. बघा, तिथे लिहिलंय, दुरुस्ती: तात्या."

"काका, ती अट तेवढी काढाल का?"

"माझी एकट्याची असती तर तुम्ही बसायच्या आत काढली असती. पण तात्यांची ओळ आहे त्यात. ज्याची ओळ त्याचा शब्द. आणि तात्या तर आता नाहीत."

 हे गाळणीला पुरतं ठाऊक होतं. ज्याने एक ओळ जरी लिहिली, त्याचा तिच्यावर हक्क. तो गेला की वारसांचा. मग वारस शोधा, त्यांतला एक परगावी, एक भांडलेला, एक सही करायला वकील मागणारा. सहा महिने कुठेच गेले नाहीत. आणि हातात होते तीन दिवस. तरी तिने वही काढली.

"तात्यांच्या मागे कोण कोण आहे?"

"कोणी नाही."

"पत्नी?"

"होती. एक दिवस उडून गेली."

गाळणीने मान खाली घालून लिहिलं: पत्नी, पत्ता नाही. "मुलंबाळं?"

"तीन अंडी होती," घड्याळजी म्हणाला. "एकही फुटलं नाही."

गाळणीचं पेन थांबलं.

तिने हळूच मान वर केली. घड्याळजीच्या मागे, दोन मोठ्या घड्याळांच्या मधे एक पितळी पिंजरा टांगला होता. रिकामा, पुसून लख्ख केलेला.

"काका," ती म्हणाली, "तात्या म्हणजे..."

"पोपट. पण नुसता पोपट म्हणू नका. घड्याळ बोललं की हे त्याची नक्कल करायचे, पण आपल्या थांब्यांनी. बायको म्हणाली, घड्याळापेक्षा तात्या बरे सांगतात. मी स्टॉपवॉच लावून मोजलं. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले तीनशे चाळीस. तेच आकडे घातले. मग दुसऱ्याची दुरुस्ती आपल्या नावावर कशी लिहायची? तात्या गेले त्या आठवड्यात कोड जगापुढे ठेवला आणि खाली ती अट घातली. एरवी कोणाला कळणार होतं की ते होते म्हणून?"

दुकानात फोन होता; घड्याळजी तो घेत नसला तरी लावत होता. गाळणीने ऑफिसला लावला.

"वकीलबाई, तुकड्यातली एक ओळ पोपटाची आहे."

 पलीकडे पेन्सिल खाली पडल्याचा आवाज आला.

"पुन्हा सांग. माणसाचं आडनाव पोपट आहे का?"

"नाही. पंखांचा. मेलाय."

"वारस?"

"तीन अंडी. फुटली नाहीत."

"पक्ष्याच्या नावावर हक्क लागत नाही," वकीलबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा सैल झाला. "सगळा कोड घड्याळजींचा. त्यांनी एकट्याने अट काढली तरी पुरे. मात्र स्वतःच्या हाताने काढू देत."

म्हणजे घोडं आता एकाच माणसापाशी अडलं होतं, आणि तो माणूस रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत बसला होता.

"कायद्याने माझी एकट्याची असेल," तो म्हणाला. "पण अट काढली तर त्यांचं नाव कोण घेणार?"

यावर गोड बोलता आलं असतं. गाळणी बोलली नाही. "मी घेईन," ती म्हणाली. "आमच्या पेटीत आभारांची यादी आहे. त्यात लिहीन. सक्ती म्हणून नाही, आठवण म्हणून. माझ्यानंतर पेटी कोणी बदलली आणि नाव पुसलं, तर मी त्याला अडवू शकत नाही. तेवढं खोटं मी तुम्हाला सांगणार नाही."

घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. मग म्हणाला, "ती पेटी कशी बोलते, ते ऐकता आलं असतं तर."

पेटी नव्हती, पण फोन हातात होता, आणि आवाजाला चिठ्ठी नसते. गाळणीने मावशीला फोनपाशी बोलवायला सांगितलं आणि रिसीव्हर घड्याळजीच्या कानाला लावला. स्वतः कान जवळ नेला.

बटणं दाबल्याचा टकटक आवाज. मग पेटी बोलली. "नमस्कार, भाऊ. मी गाडी शिकवते. शिकवणाऱ्याला नुसतं चल म्हणता येऊन भागत नाही. कधी थांब म्हणायचं, ते कळावं लागतं. तुमचे तात्या मला भेटले असते, तर मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं असतं."

घड्याळजीच्या दुसऱ्या हातात स्टॉपवॉच होतं. कधी उचललं ते गाळणीला कळलं नव्हतं. प्रत्येक विरामाला अंगठा दाबला जात होता. "तीनशे चाळीस," तो पुटपुटला. पुन्हा ऐकलं. "तीनशे चाळीस. ते असेच थांबायचे."

मग त्याने नाक पुसलं, टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि वाट बघता बघता म्हणाला, "तसेही त्यांना जबरदस्तीचे नमस्कार आवडायचे नाहीत. पाहुण्यांकडे पाठ करून बसायचे." एका बोटाने कळा दाबत त्याने तळाची अट पुसली. तात्यांची दुरुस्ती तिथेच राहिली. खाली आपलं नाव घातलं, तारीख घातली. आणि मग भिंतीशी जाऊन एकेक लंबक सोडत आला.

गाळणीचा जीव भांड्यात पडला. इतका जोरात की बसमधल्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. ती एकटीच हसत होती. मग तिला झोप लागली आणि तिचा थांबा गेला. दोन थांबे मागे चालत आली, तरी हसतच.

सोमवारी सकाळी ऑफिसची सगळी माणसं दाराशी उभी. वकीलबाईंनी कठड्यावरची रेघ खोडून टाकली. मावशीने पेटी उचलली, उंबरठ्याशी आली आणि एक पाय उचलून थांबली. घाईने श्वास रोखला. मावशीने मुद्दामच जरा जास्त वेळ पाय हवेत ठेवला, खट्याळ बाई. मग टाकला. आभाळ कोसळलं नाही, कोणी आरडाओरडा केला नाही, पेटी जिन्यावरून खाली गेली. शनिवारी आभारांच्या यादीत तात्यांचं नाव गेलंच होतं, चौथ्या ओळीत, आणि गाळणीचा प्रोग्रॅम आता फाइली खालून वर वाचत होता.

ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात मालक उभा. मावशी गाडीत बसली, पेटी मांडीवर. "किल्ली द्या," पेटी म्हणाली. मालकाने दिली, आणि मागे वळून डोळे पुसले, धूळ होती म्हणे. न्हाव्याने गाडी चालू केली, आणि मंडळी, मागच्या सीटवर कोण असेल? घड्याळजी. पहिल्या बसने आलेला. आणि त्याच्या खांद्यावर कोण? तात्या. पिसं चमकतायत, मान ताठ. चौकात न्हाव्याने आरसा न बघताच स्टिअरिंग फिरवलं, तर पेटी बोलायच्या आधी तात्याच म्हणाले, "आरसा." मग तीनशे चाळीस, कमी नाही की जास्त नाही. मग म्हणाले, "बघा." न्हाव्याने असा आरसा बघितला की त्याला त्यात स्वतःचे...

सुया थांबल्या.

"जरा थांबा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्या अटीत काय लिहिलं होतं? दिवंगत तात्यांनी शिकवलं, असंच ना?"

असंच.

"आणि पिंजरा रिकामा होता."

होता.

"मग खांद्यावर कोण बसलंय?"